शिळ्या दसऱ्याची चांदमारी

"आताशी बोलतच नाई मेली. एवढं महागाचं खाऊ घालून राह्यलो, तरी तोंडातून निस्तं फुस्स."

भाकरी थापताना हे माझ्या पाठीमागून आलं आणि माझा हात पिठातच थांबला. वळून पाहिलं तर आमचे हे न्हाणीच्या दगडावर बसून, बंदूक उभी धरून, तिच्या नळीत गरम पाणी ओतत होते. कुरकुर तिच्याबद्दल चालली होती. माझ्याबद्दल एवढ्या मायेनं कुरकुरल्याचं आठवत नाही, त्यामुळं जरा वाईटच वाटलं.

नळीतून काळं पाणी निघालं. गंधकाचा वास घरभर झाला. रविवारची चांदमारी करून घरी आलं की आमच्याकडं आधी बंदुकीची आंघोळ होते, मग माणसाची.

आमचं गाव तेलंगणातल्या तलमडुगु मंडलात. पलीकडच्या टेकडीवर महाराष्ट्र सुरू होतो. गावाबाहेर मुरमाचा एक उंचवटा आहे; त्याच्या पोटाशी मडकी मांडायची आणि ठासणीच्या बंदुकीनं ती फोडायची, एवढाच हा चांदमारीचा खेळ. खेळणारे चौघं. माझे मोठे भाऊजी यशवंतराव, आमचे हे उद्धवराव, खत-बियाण्याचं दुकान चालवणारा धोंडीबा, आणि तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले दौलतभाऊ. चौघांच्याही बंदुका जुन्या, चकमकीच्या. चाप ओढला की घोडा पडतो, घोड्याच्या तोंडातली गारगोटी लोखंडावर घासते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर बारुदीवर पडते आणि मग नळीतली बारूद पेटून बार उडतो. ठिणगी आणि बार यांच्यामध्ये एक श्वास जातो. त्या एका श्वासाच्या नादात हे चौघं म्हातारे झाले.

एकदा मी विचारलं होतं, एवढं काय ठेवलंय त्यात. तर म्हणाले, आवाज. मडकं काय, दगडानंबी फुटते.

म्हणजे आवाजच गेला तर काय राहिलं, हे मला कळत होतं. न्हाणीत बसलेल्या त्या माणसाची पाठ बघूनही कळत होतं.

पूर्वी हा नाद फार महाग नव्हता. शिसं ट्रॅक्टरच्या गॅरेजात जुन्या बॅटऱ्यांतून मिळायचं, आणणाऱ्याला चहा पाजला की झालं. गारगोट्या नाल्यात पडलेल्या. बारूद तेवढी परवान्यावर शहरातल्या दुकानातून आणायची, आणि ती सणासुदीच्या खर्चात खपून जायची. आता भंगारवाला शिसं सोन्यासारखं तोलतो. नाल्यातली गारगोटी चार बारांत बोथट होते, म्हणून माझा पुतण्या मोबाइलवरून परदेशी दगड मागवून देतो. एवढासा दगड, पण त्याची किंमत ऐकून माझी मोठी जाऊ जयवंताबाई म्हणाली होती की एवढ्यात पायातली जोडवी आली असती. बारुदीचं तर विचारूच नका. दुकानं एकेक करत बंद झाली, शहरात एकच उरलं, आणि एकच उरलेला दुकानदार जसा वागतो तसा तो वागायला लागला. मागच्या वर्षी डब्याचा भाव ऐकला त्या दिवशी हे जेवले नाहीत. यंदा आणखी चढला तेव्हा मात्र जेवले. माणसाला सवय होते.

धोंडीबानं एकदा सुचवून पाहिलं होतं की बारुदीचं माप थोडं कमी करू. यशवंतरावांनी साफ नाही म्हटलं. उडवू ते बार कमी उडवू, म्हणाले, पण उडवू तो पुऱ्या मापाचा. त्यामुळं सकाळभर बार उडवणारी माणसं आता एकेक-दोनदोन उडवतात आणि उरलेला वेळ एकमेकांची तोंडं बघत बसतात. संशयाला असा रिकामा वेळ फार मानवतो.

बारूद आणायचं काम दौलतभाऊंचं. जन्म कचेरीत गेलेला माणूस. दरखास्त कुणाच्या नावानं लिहायची, नक्कल कुठं जोडायची, टेबलामागच्या माणसाशी तेलुगूत काय बोलायचं आणि दुकानदाराशी हिंदीत किती गोड व्हायचं, सगळं त्यांना येतं. चौघांची बारूद तेच आणायचे, घरी ठेवायचे आणि रविवारी वाटून द्यायचे. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. उलट हेच म्हणायचे, दौलत आहे म्हणून आमचं निभून राह्यलं.

यशवंतरावांच्या वडिलांमागं, म्हणजे माझ्या सासऱ्यांमागं, दौलतभाऊंचे वडील बारुदीचं शिंग घेऊन चालायचे. शिंग वाहायचं, बंदुकीला हात लावायचा नाही, अशी तेव्हाची तऱ्हा. नोकरी लागल्यावर दौलतभाऊंनी स्वतःच्या नावावर परवाना काढला, एका पाटलानं विकायला काढलेली बंदूक घेतली आणि एका रविवारी सरळ चांदमारीवर येऊन उभे राहिले. गावात कुजबुज झाली. यशवंतरावांनी काही न बोलता जागा करून दिली, आपल्या शेजारीच. पुढं दसऱ्याचा प्रश्न आला. चांदमारीचा मोठा दिवस दसरा. सगळं गाव बघायला जमतं. पण त्या दिवशी दौलतभाऊ आणि त्यांची माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली असतात. यशवंतरावांनी चांदमारीच एक दिवस पुढं ढकलली. तेव्हापासून आमच्या गावात दसऱ्याला सोनं वाटतात आणि शिळ्या दसऱ्याला बार उडवतात. नव्या सुनांना वाटतं, ही शिवकाळापासूनची रीत असणार. आम्ही त्यांना तसंच वाटू देतो.

आवाज नेमका कधी बसला ते कुणाला सांगता येणार नाही. आधी धोंडीबानं हवेला बोल लावला, दमट आहे म्हणाला. मग गारगोटीला. मग नळ्या आतून खरवडून झाल्या. भर वैशाखातही फुस्सच वाजलं, तेव्हा एक दिवस आमच्या ओसरीवर चहा पिताना त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला की बारूद काळी असते, आणि कोळसाही काळाच असतो.

एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. मग धोंडीबानं समजावून सांगितलं की माल एवढा महाग झाल्यावर त्यात भेसळ झाली नाही तरच नवल. खताचा धंदा करून भेसळीतलं त्याला बरंच कळत होतं. कसं कळत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. पुढं 'त्या लोकांचं' असं काहीतरी तो बोलणार होता, पण मी दारात आले तसं ते त्यानं चहाबरोबर गिळलं.

त्यानंतर सगळ्यांना सगळं दिसायला लागलं. दौलतभाऊ बारूद आणल्यावर लगेच वाटत नाहीत, रविवारपर्यंत घरात ठेवतात. का ठेवतात? डबा फोडलेला आणतात. सील कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या घरात नवी फरशी बसली. चौघांच्या बारुदीत कोळसा घालून फरशी बसली असती तर गावात मातीचं एकही घर उरलं नसतं, पण हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गेल्या वर्षापासून दौलतभाऊ बार उडवायच्या आधी कानात कापसाचे बोळे घालतात. चांदमारीवर या गोष्टीची फार टिंगल झाली. फुसक्या बाराला बोळे कशाला, धोंडीबा म्हणाला, आमाले दाखवायला का बारूद लय जोराची हाय म्हून? दौलतभाऊ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बोळे तेवढे नीट बसवून घेतले.

हे घरी आल्यावर ती टिंगल मोठ्यानं सांगत होते. आमच्या घरात अलीकडं सगळं मोठ्यानंच चालतं. टीव्हीवर कापसाचे भाव सांगणारी बाई आमच्या घरातून अख्ख्या गल्लीला भाव सांगते. मी दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा समोर जाऊन उभी राहते. नवरा म्हणजे असंच असतं म्हणून मी काही मनावर घेतलं नव्हतं.

दसरा जवळ आला तसा मला राहवेना. ज्वारीचे पापड मागायचं निमित्त करून मी दौलतभाऊंच्या घरी गेले. चंपाबाई, त्यांची बायको, अंगणात उन्हाला बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर काळी भुकटी, हातात पिठाची चाळणी. बोटं मनगटापर्यंत काळी. मला पाहताच तिनं शेजारचं सूप त्या भुकटीवर पालथं घातलं. मग बहुतेक स्वतःचाच राग आला असावा, कारण लगेच ते सूप उचलून तिनं बाजूला ठेवलं.

"पापड न्यायला आलात रेणुकाबाई, का पाहायला आलात?"

मी म्हटलं, पापडच. ती म्हणाली, मग बसा, आणि चाळायला लागली. जन्मभर अंगणवाडीत पोरांना शिकवलेली बाई. न विचारता समजावून सांगितलं. हल्लीची बारूद अर्धी भुगा होऊन येते. जाडी नळीत घालायची, बारीक वाटीत. सगळी एकत्र असली की बार दगा देतो, कधी हातावर येतो. म्हणून दौलतभाऊ डबा घरी आणून फोडतात आणि ती दोन दिवस बसून चौघांची बारूद चाळून देते. तांदळातले खडे काढावेत तशी. सांगता सांगता तिनं चहा टाकला. चहा नव्या कपातून दिला. पाहुण्याला देतात तसा. आम्ही एकमेकींना तसा कधी दिला नव्हता.

मी चहा प्यायले आणि तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. भिंतीशी कोळशाचं पोतं उभं होतं.

ती इस्त्रीचा कोळसा वापरते हे मला ठाऊक होतं. दौलतभाऊंच्या शर्टाची घडी निवृत्त झाल्यावरही मोडलेली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी पोतं ते पोतंच. माझी नजर तिथं गेलेली तिनं पाहिली, आणि तिनं पाहिलेलं मी पाहिलं. पापडाची पिशवी देताना ती दारात थांबली.

"तुमच्याकडं टीव्ही कोण मोठा करतं हो?" असं तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच मान हलवली. "जाऊ द्या. आमच्या तोंडून नको ते."

मला वाटलं, आवाजाची तक्रार आहे. शेजारपण नसताना तक्रार कसली, असं म्हणत मी घरी आले. काय पाह्यलं, असं ह्यांनी विचारलं तेव्हा मी पापड दाखवले. पोत्याचं बोलले नाही. पण रात्री कूस बदलताना प्रत्येक वेळी ते पोतं समोर उभं राहत होतं.

इकडं पुरुषांचं ठरलं. हे आणि धोंडीबा स्वतः शहरात जाऊन सीलबंद डबा घेऊन आले. येताना दोघंही बसमध्ये एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे. भावाचा धक्काच तसा होता. आता त्या डब्यातली बारूद आणि दौलतभाऊंनी वाटलेली बारूद, दोन्ही एकाच बंदुकीत, एकाच मापानं, एकाच माणसानं उडवायची. जुन्या बैलबंडीचं जाड सागवानी फळकूट मुरमाला टेकवून ठेवायचं. ज्या बारुदीत कोळसा असेल तिची गोळी फळकुटातच अडकेल, आवाजही बसका येईल. दौलतभाऊंची बारूद उणी निघाली तर त्यांना शिळ्या दसऱ्याला बोलवायचं नाही. यावर यशवंतराव काय म्हणाले, असं मी ह्यांना विचारलं. भिंतीकडं तोंड करून बसून होते म्हणे, आणि शेवटी होकाराची मान हलवली, बस्स.

ज्या माणसासाठी दसरा एक दिवस सरकवला, त्याच माणसाला त्या दिवशी येऊ नको म्हणायचं. दौलतभाऊंना बारुदीच्या चोरीचं नाव लागलं असतं ते वेगळंच. आमच्याकडं असं नाव लेकरांच्या लग्नापर्यंत पुरतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. उंचवट्याला लागूनच आमचं कापसाचं रान आहे, पहिली वेचणी चालू होती. मी आणि जयवंताबाई काकऱ्यांत होतो, कमरेला झोळी बांधून. खरं तर त्या कोपऱ्यातला कापूस अजून नीट फुटला नव्हता. तरी दोघी तिथंच वेचत होतो आणि तिथंच का, हे एकमेकींना विचारत नव्हतो. जयवंताबाई थोडं बोलणारी. चारचौघांत यशवंतराव असले की तिच्या तोंडून शब्द निघत नाही, पदर कपाळावरून ढळत नाही. सासूनं घातलेलं वळण. सासू गेली तरी वळण राहिलं.

दौलतभाऊ आले तेव्हा त्यांच्यासोबत चंपाबाईही आली. ती चांदमारीवर कधी येत नसे. बांधावर एका दगडावर बसली, हात मांडीवर. धुऊनही नखांत काळं राहिलं होतं.

काय करायचं आहे ते धोंडीबानं दौलतभाऊंना सांगितलं. त्यांना आधीच कळलं असणार. त्यांनी फक्त विचारलं की आधी कोणती. सीलबंद, असं ठरलं. ह्यांनी सगळ्यांसमोर सील तोडलं. यशवंतरावांनी माप भरलं, काठोकाठ. नळीत बारूद, वर चिंधी, वर गोळी, मग गजानं ठासलं. वाटीत चिमूटभर घातली, घोडा ओढला, बंदूक खांद्याला लावली. वय झालं तरी ते असे उभे राहिले की बघत राहावं.

घोडा पडला. वाटीत भस्सकन उजेड झाला. तो एक श्वास गेला. आणि बार उडाला.

माझी छाती हादरली. बाभळीवरचे बगळे सगळे एकदम उठले. बांधाला बांधलेली म्हैस खुंटा उपटून पळाली आणि खालच्या वाडीतली कुत्री एकसुरात भुंकायला लागली. पांढरा धूर आमच्या अंगावरून गेला. डोळे उघडले तेव्हा कळलं की मी दोन्ही हातांनी कान दाबून धरलेत, केसांत कापूस अडकलाय. जयवंताबाईचेही हात कानांवर होते. बांधावर चंपाबाईचेही.

आणि पलीकडं चौघं पुरुष उभे. तिघं मान जरा वाकडी करून, कुणी परक्याच्या घराबाहेर आत कोण बोलतंय ते ऐकत उभं राहावं तसे. कुणी दचकलं नव्हतं. कुणाचा हात हललाही नव्हता.

"फुस्स," धोंडीबा म्हणाला.

मी कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले. म्हैस कुठं पळाली ते बघायचंही माझ्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या हाकेला समोर जाऊन उभी राहणारी मी. गल्लीला भाव ऐकवणारी टीव्हीवरची बाई. जयवंताबाईकडं पाहिलं. जेवताना, बसताना, बैलगाडीत, ती नेहमी यशवंतरावांच्या उजव्या हाताला असते. मी तो मान समजत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला हे आजचं नव्हतं.

दुसरा बार दौलतभाऊंच्या बारुदीचा. तेच माप, तीच बंदूक. पुन्हा छाती हादरली, पुन्हा धूर. बगळे परत बसलेच नव्हते. हे धावत जाऊन फळकूट घेऊन आले. शेजारी शेजारी दोन भोकं, दोन्ही आरपार. त्यांनी एकात अंगठा घातला, मग दुसऱ्यात घातला. सारखाच गेला.

मला वाटलं, सुटलो. दौलतभाऊंवरचा डाग गेला, आता घरी जाऊन मी काय ते ह्यांच्याशी बोलेन, एकटीच, दार लावून. पण संशयाला फळकूट दाखवून उपयोग नसतो. धोंडीबानं फळकुटाकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला की मग सीलबंद डब्यातही तोच माल आहे. म्हणजे दुकानदारच भेसळ करतो. आणि इतकी वर्षं दुकानदाराशी गोड बोलायला कोण जातं? दोघांचं मिळून चाललंय. हे, ज्यांनी स्वतःच्या हातानं सील तोडलं होतं, तेही मान डोलवायला लागले. आता सगळं जुळतं, म्हणाले.

चौघंही ओरडूनच बोलत होते. उघड्या रानात वाऱ्यानं आवाज जातो म्हणून ते ओरडतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत.

"सील तुमी तोडलं," दौलतभाऊ म्हणाले. "बंदूक तुमची, माप तुमचं. आता अजून काय दाखवू, दादा?"

यशवंतराव त्यांच्याजवळ गेले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मंग आवाज कुठी गेला, दौलत? तू सांग. तू म्हनशीन ते मी खरं मानतो."

दौलतभाऊ त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षीच, कानात कापूस घालायला लागले तेव्हाच त्यांना डॉक्टरनं सांगितलं असणार. चोर म्हणून उभ्या केलेल्या माणसानं ते सांगायचं तरी कसं? सुटायला बघतो म्हणाले असते. आणि सांगितलं आणि पटलं, तर पुढं काय होणार हेही चौघांत सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा कागद लागतो. आजवर तो कागद नुसत्या सहीवर निभत आला. एकदा कानांचं हे उघड बोललं गेलं की त्या कागदावर ते यायला वेळ लागणार नाही, आणि बंदुका ठाण्यात जमा. ते ठाणं, ते कागद, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. म्हणून त्यांनी आमच्याकडं, काकरीतल्या आम्हा दोघींकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

मी तोंड उघडलं. बंदूक गेल्यावर हे रविवारी काय करतील, असा विचार आला, आणि तोंड परत मिटलं.

यशवंतरावांनी गज बंदुकीखाली परत बसवला.

"मंग शिळ्या दसऱ्याले तू येऊ नको," ते म्हणाले.

धोंडीबाला हेच हवं होतं, पण ते असं ऐकल्यावर तो मुरमाकडं बघायला लागला. दौलतभाऊंनी बंदूक खांद्याला अडकवली. बांधावर चंपाबाई उठली, काहीतरी बोलायला पुढं झाली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. दोघं वाटेला लागली. ती पुढं, ते मागं.

माझ्या शेजारी जयवंताबाईनं कमरेची झोळी सोडली. वेचलेला कापूस तसाच मातीत टाकला. असला प्रकार मी तिच्या हातून जन्मात पाहिला नव्हता. काकरी तुडवत, बोंडं मोडत ती सरळ उंचवट्यापाशी गेली. दौलतभाऊंना तिनं हाकेनं उभं केलं, नावानं. मग वळसा घालून यशवंतरावांच्या उजव्या बाजूला आली. पदर कपाळावर होता तसाच होता. पण आवाज एवढा काढला की जाणारी दोघं, बांधापलीकडची वेचणारी बायामाणसं आणि खालची वाडी, सगळ्यांना गेला.

"बारूद चोख हाय. दौलतभाऊनं तिच्यात काई घातलं नाई, दुकानदारानंबी नाई. बार होता तसाच वाजून राह्यला जी. तुमालेच आयकू येत नाई."